पाठीवर घेणार का?

कोणतीही वस्तू हातात आली की ताई आधी ती उजव्या तळहातावर ठेवायच्या, हात दोनदा हलकेच वर-खाली करायच्या, डोळे अर्धवट मिटून घ्यायच्या आणि विचारायच्या, "पाठीवर घेणार का?"

मग ती वस्तू चमचा असो, शब्दकोश असो, नाहीतर दुसऱ्याची तक्रार. एकदा आमच्या एक्स-रे डिपार्टमेंटमधल्या एका इंग्रज बाईने माझ्या रजेच्या तारखा परस्पर स्वतःच्या नावावर लावून घेतल्या. मी तणतणत ताईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रिकामा तळहात पुढे केला, माझा राग त्यावर ठेवल्यासारखा तोलला आणि म्हणाल्या, "हे पाठीवर घेऊन घरी जाणार? बसमध्ये उभं राहून?" मला हसू फुटलं. रजा मात्र गेली ती गेलीच.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. ते आपल्या घरी येऊन नुसतं खुर्चीत बसलं, तरी आपल्याला आपल्या घरातलं सामान एकाएकी फार वाटायला लागतं. ताई आल्या की मला माझ्या कपाटांची लाज वाटायची. आइसक्रीमचे धुऊन ठेवलेले रिकामे डबे, तीन सुटकेसा भरून न नेसलेल्या साड्या, कधीतरी लागतील म्हणून जपलेल्या दोऱ्या. लाज वाटायची आणि हेवाही वाटायचा. दोन्हीतलं जास्त काय, असं विचाराल तर हेवा. आज इतक्या वर्षांनी ते कबूल करायला हरकत नाही.

पश्चिम लंडनमधल्या ज्या हॉस्पिटलात मी अपॉइंटमेंटच्या टेबलावर होते, तिथेच ताई रेडिओग्राफर होत्या. मूळच्या नाशिकच्या. साठच्या दशकात एकट्या आल्या आणि एकट्याच राहिल्या. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं गं" म्हणायच्या, पत्र टाकायचं राहून गेल्यासारखं. दिवसभर अंगावर शिशाचा जड एप्रन चढवायचा, उतरवायचा, रोग्यांना "श्वास रोखून धरा" सांगायचं, आणि शनिवार उजाडला की बूट चढवून कुठल्यातरी टेकडीवर जायचं. बरोबर चार-पाच इंग्रज म्हातारे असायचे. त्यांच्यात एकट्या ताई, डोक्यावर लोकरीची टोपी, कपाळावर बारीकशी टिकली.

ईलिंगला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक कढई, एक तवा. दाराशी वर्तमानपत्रावर चिखलाचे बूट. मराठी मंडळी कुणाच्या घरी जमली की आम्ही बायका स्वयंपाकघरात पंधरा-वीस जणांच्या पोळ्या लाटत असायचो. तेवढ्यात ताई यायच्या, वाऱ्याने लाल झालेलं नाक घेऊन. दोनदा वाढून घ्यायच्या, सगळी भांडी घासायच्या आणि निघून जायच्या. दार बंद झालं की कुणीतरी म्हणायचंच, "तिला काय, ना सासू, ना नवरा, ना मूल." मीही म्हणायचे. त्या 'ना'चा आवाज माझ्या तोंडून किती गोड निघायचा, हे माझं मलाच ऐकू यायचं.

इथपर्यंत ठीक होतं. असा हेवा पुष्कळ बायका बाळगतात आणि संसारही करतात. पण मग माझी मुलगी त्यांच्याकडे जायला लागली.

सीमा चौदा वर्षांची असल्यापासून शनिवारी ताईंबरोबर टेकड्या चढायला जायची. मला बरंच वाटलं होतं, टीव्हीसमोरून उठली म्हणून. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की सीमा माझ्याशी इंग्रजीत बोलते आणि ताईंशी मराठीत. तिचं मराठी म्हणजे सगळी लिंगं एकमेकांच्या घरी राहायला गेलेली. "मावशी, तो टेकडी खूप मोठी होता," असं ती म्हणायची आणि ताई म्हणायच्या, "हो ना, माझेही पाय दुखले." तेच वाक्य ती घरी माझ्यासमोर म्हणाली की मी लगेच, "ती टेकडी. मोठी होती." त्यावर सीमा म्हणायची, "फर्गेट इट, मम." संपलं संभाषण. चूक सुधारायचा हक्क माझा होता, गप्पा मात्र त्यांच्या वाट्याला जात होत्या.

सीमाच्या ए लेव्हल्स, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षा, संपल्या त्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. सीमाने काटा खाली ठेवला.

"मावशी जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाला जाते. कॅम्पिंगला. सहा आठवडे. मी पण जाते."

"'जाते' की 'जाऊ का'?" मी विचारलं.

"जाते," ती म्हणाली. त्या दिवशी तिचं व्याकरण अगदी अचूक होतं.

ताईंची एक जुनी मैत्रीण, पूर्वी आमच्याच हॉस्पिटलात नर्स असलेली, लग्न होऊन अ‍ॅडलेडला स्थायिक झाली होती. तिच्या घरून जीपने उत्तरेला जायचं, मग डोंगरांतून पाठीवर सामान घेऊन चालायचं, तंबूत झोपायचं, असा बेत होता. माझे यजमान डॉक्टर. रोज माणसांना भूल देऊन झोपवणारे, स्वतः कधी तंबूत न झोपलेले. ते इतके खूश झाले की म्हणाले, "तिकीट माझ्याकडून. परीक्षेचं बक्षीस." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वरणभात कालवत होते.

मी साप, कोळी, ऊन असं एकेक काढून पाहिलं. कशाचा उपयोग झाला नाही. कारण खरी भीती मी बोललेच नव्हते.

ताईंचं सामान भरणं जायच्या महिनाभर आधी सुरू झालं. त्यांनी बाहेरच्या खोलीत कार्पेटवर एक जुनी पांढरी चादर अंथरली. चादरीच्या एका कोपऱ्यात झोपेचं सामान, दुसऱ्यात पाण्याचं, तिसऱ्यात स्वयंपाकाचं, चौथ्यात अंगावरचं. मध्ये सीमा मांडी घालून बसलेली, हातात वही. कामावरून सुटले की मी वाट वाकडी करून तिकडे जायचे. मला कुणी बोलावलेलं नसायचं.

काय काय पाहिलं मी त्या चादरीवर! टॉवेल मधोमध कापून त्याचे दोन केलेले. टूथब्रशचे दांडे करवतीने अर्धे केलेले. कपड्यांच्या आतली लेबलं उसवलेली. नकाशांचे कोरे समास कात्रीने उडवलेले. फोटोच्या रिळाच्या रिकाम्या डब्यांत सुई-दोरा, सेफ्टी पिना, काड्या. माश्यांसाठी तोंडावर घ्यायची जाळी. एक छोटं खुरपं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सकाळी कळतं," ताई म्हणाल्या आणि त्या दोघी अशा हसल्या, की ते हसणं आधी एकदा होऊन गेलेलं आहे हे मला समजलं. जे विनोद आपल्या गैरहजेरीत झालेले असतात, ते फार टोचतात. तुम्हाला अनुभव असेल.

लोकरीच्या टोप्या, हातमोजे, लांब बाह्यांचे गंजीफ्रॉक पाहून मी म्हटलं, "अहो ताई, ऑस्ट्रेलियात चालला आहात ना? का नॉर्वेला?"

"तिकडे जुलैत हिवाळा असतो गं. दिवसा ऊन, पण रात्री बाटलीतलं पाणी गोठतं कधीकधी."

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझं सामान घेऊन गेले. सहा सुती कुर्ते, रबराची गरम पाण्याची पिशवी, स्टीलचा तीन पुडांचा डबा, लहान प्रेशर कुकर आणि हेअर ड्रायर.

ताईंनी हेअर ड्रायर तळहातावर घेतला. "पाठीवर घेणार का?"

"केस ओले राहिले की तिला सर्दी होते."

"हं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "पण प्लग कुठल्या झाडाला लावायचा?"

सीमा चादरीवर आडवी होऊन हसायला लागली. मीही हसले, पण तोंडाने. कुकर परत पिशवीत घालताना त्याचं झाकण माझ्या हातून दोनदा पडलं.

आणि मग तो स्वेटर. हिरवा, बाटलीच्या काचेसारखा रंग, पुढून दोरखंडाची वीण. सीमाचा परीक्षेचा अभ्यास चालू असताना तीन महिने मी तो विणला होता, तिच्या खोलीबाहेर जिन्यात बसून, तिला चहा लागला तर हाक ऐकू यावी म्हणून. तो मी आधीच चौथ्या कोपऱ्यात ठेवून आले होते. एका संध्याकाळी गेले तर तो चादरीच्या बाहेर, सोफ्याच्या हातावर. त्याच्या जागी एक निळं, पातळ, घड्या घालून ओंजळीत मावेल असं जॅकेट.

"आई, तो स्वेटर जड आहे. आणि भिजला की वाळत नाही," सीमा म्हणाली. "मावशीने मला तिचा जॅकेट दिला. ती स्वतः जुना घालणार."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मी त्यांना बोलूच दिलं नाही.

"पोटचं मूल असतं तर तुम्हाला कळलं असतं, काय काढायचं आणि काय ठेवायचं ते."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. सीमा उठून उभी राहिली. "मम!" एवढंच म्हणाली. तिचा चेहरा मला पाहवला नाही.

ताईंच्या हातात कात्री होती. ती त्यांनी खाली ठेवली. सीमाची रिकामी सॅक उचलून माझ्यापुढे केली.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "ही तू भर. मी हात लावणार नाही. फक्त खाण्याचं काही घालू नकोस. विमानात कार्ड भरून सही करावी लागते. तिकडे फार कडक आहेत, आपलं तूप, पिठं, बिया, काहीच चालत नाही." मग आत जाऊन त्यांनी तिघींसाठी चहा केला. तो मी प्याले. न पिता उठून गेले असते तर निदान थोडी अब्रू राहिली असती.

सॅक घरी आली. मी ती भरली. माझ्या मनासारखी, सगळं घालून, स्वेटर सर्वांत वर. मग मला वाटलं, घालून तर बघावी. माझा सुटीचा दिवस होता, घरात कुणी नव्हतं. पलंगावर बसून मी पट्ट्यांत हात घातले, कमरेचा पट्टा आवळला आणि उठले. जिना उतरले, चढले, पुन्हा उतरले. तिसऱ्या खेपेला मध्यावर दम लागला म्हणून पायरीवर टेकले, ती उठताच येईना. सॅक मागच्या पायरीत अडकली होती आणि कमरेचा चाप सुटत नव्हता. उताण्या पडलेल्या कासवासारखी मी कितीतरी वेळ जिन्यात पडून होते. शेवटी यजमान दुपारी जेवायला घरी आले. त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं, कोट काढून खुंटीला लावला आणि विचारलं, "कुठे निघालीस?"

मी रडायलाच लागले. त्यांनी चाप सोडवला, एकही शब्द न बोलता खालच्या पायरीवर बसून राहिले. भूल देणाऱ्या माणसांना गप्प बसता येतं, हा त्यांचा मोठा गुण.

त्यानंतर मी सॅक रिकामी केली. गरम पाण्याची पिशवी काढली, डबा काढला, कुर्ते काढले. शेवटी स्वेटरही मीच माझ्या हाताने काढला. ताईंच्या यादीप्रमाणे, ताईंच्या क्रमाने, जड सामान पाठीशी आणि हलकं बाहेर, अशी मी ती भरली. निळं जॅकेट वर ठेवलं. इथे ही गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला अभिमानाने सांगितली असती.

पण निघायच्या आदल्या दिवशी मी बेसन भाजायला घेतलं. मंद आचेवर, तासभर, हाताला कळा येईपर्यंत. बारा लाडू वळले, प्लास्टिकच्या डब्यात भरले, डबा पंच्यात गुंडाळला आणि स्लीपिंग बॅगच्या पोटात खोल सारून दिला. मला माहीत होतं की चालत नाही. ताईंनी सांगितलं होतं. मी स्वतःला म्हटलं, कोण बघतंय. खरं कारण वेगळं होतं. तिकडे त्या उजाड मुलुखात, कधीतरी भूक लागलेली असताना, सीमाच्या हाताला असं काहीतरी लागावं, जे ताईंनी तोललेलं नाही. एवढंच मला हवं होतं.

हीथ्रोला ताई आधीच येऊन थांबल्या होत्या. त्यांनी सीमाची सॅक ट्रॉलीवर ठेवायला उचलली आणि त्यांचा हात मध्येच थांबला. सॅक त्यांनी किंचित वर-खाली केली. मग माझ्याकडे पाहिलं. मी सीमाच्या कॉलरची घडी सारखी करायला लागले. ताईंनी सॅक ट्रॉलीवर ठेवली आणि म्हणाल्या, "चला."

सहा आठवडे मी त्या अपॉइंटमेंटच्या टेबलावर कसे काढले, ते मला ठाऊक. पत्रं यायची, इंग्रजीत, दोघांच्या नावाने. एका पोस्टकार्डवर लाल मातीचं चित्र होतं आणि मागे शेवटची एक ओळ मराठीत, थरथरत्या देवनागरीत: 'इथे आकाश खूप मोठा आहे.' मी पेन्सिल घेऊन 'मोठा'चं 'मोठं' केलं. मग रबराने खोडून टाकलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघी परत आल्या. सीमाच्या नाकाची सालं निघाली होती, आवाज मोठा झाला होता. त्या दिवशी जेवताना ती अखंड बोलत होती आणि चक्क मराठीत. रात्री बाटलीतलं पाणी खरंच गोठलं होतं. तिसऱ्या दिवशी टाचेला फोड येऊन ती वाटेत बसली होती आणि रडली होती, तेव्हा मावशी शेजारी बसून राहिली आणि 'उठ' असं एकदाही म्हणाली नाही. मी ऐकत होते. माझी मुलगी शेवटची माझ्यासमोर केव्हा रडली होती, ते मला आठवेना.

"आणि आई, खरी गंमत सांगायची राहिली! मावशी इतकी स्ट्रिक्ट ना, फूड नाही, फूड नाही. आणि विमानात कार्डवर तिनेच 'यस' टिक केला! माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये तिने लाडू लपवली होती. सरप्राइज! ऑफिसरने आमचा सगळा सामान टेबलावर काढला. टूथब्रशपण! मावशी म्हणाली, माझे आहेत, माझी चूक. तो म्हणाला, हे बिनमध्ये जाणार. मग मावशी म्हणाली, एक तरी मुलीला इथेच खाऊ दे. तो दुसरीकडे बघायला लागला. मी दोन खाल्ले!"

मी पोळीला तूप लावत होते. लावतच राहिले.

"सेम तुझ्यासारखे होते, आई," सीमा म्हणाली. "पण थोडे जास्त चांगले. तू तिला रेसिपी विचार ना."

यजमानांनी बेसन भाजल्याचा वास सीमा निघायच्या आदल्या दिवशी घेतलेला होता. त्यांनी मान खाली घालून आमटीचा भुरका मारला.

सोमवारी ताई कामावर आल्या. त्या एप्रन चढवत होत्या तेव्हा मी आत शिरले आणि दार लोटलं.

"तुम्हाला हीथ्रोलाच कळलं होतं ना?"

"हाताला कळलं."

"मग काढून का नाही टाकलेत?"

"तुझे होते. आधीच एकदा स्वेटर काढला होता."

"निदान तिला सांगायचं, आईने दिलेत म्हणून."

"कुठे? त्या काउंटरवर?" ताईंनी एप्रनची पट्टी ओढून घट्ट केली. "पोरगी नको तितकी चिडली असती तुझ्यावर. आईने मला खोटी सही करायला लावली असती, म्हणाली असती. सहा आठवडे तो राग पाठीवर घेऊन चालली असती. आणि तिला पाणी न्यायचं होतं गं. रोजचं चार लिटर. पाण्यालाच जागा पुरत नव्हती."

आता खरं म्हणजे मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मागच्या वेळच्या त्या वाक्याबद्दल माफी मागायला हवी होती. पण माझ्या तोंडून जे निघालं ते असं, "पण ताई, लाडू माझे होते!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या, की बाहेर स्ट्रेचरवर वाट पाहणाऱ्या आजोबांनी "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं.

पुढे सीमा मँचेस्टरला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. दर दिवाळीला घरी आली की माझ्या हातचा लाडू खाऊन म्हणायची, "मस्त. पण मावशीचे ते..." मी सांगू शकले असते. दर वर्षी सांगायचं ठरवायचे. मग वाटायचं, त्या बाईजवळ आहे काय? एक पातेलं, एक कढई, एक तवा. त्यात हे बारा लाडू राहिले तर राहू देत. हा विचार मोठ्या मनाचा होता असं मी म्हणत नाही. दर वेळी तो करताना मला कष्ट पडायचे.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी ताई आजारी पडल्या. खोकला जात नव्हता म्हणून एक दिवस त्या स्वतःच मशीनसमोर उभ्या राहिल्या आणि एका ज्युनियरला म्हणाल्या, काढ. फिल्म ओली असतानाच त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. डॉक्टरांनी नंतर जे हळुवारपणे समजावलं, ते त्यांना आधीच समजलेलं होतं. मला त्या फक्त म्हणाल्या, "चांगली आलीय फिल्म. पोरगी शिकली."

मी दर मंगळवारी मुगाचं कढण घेऊन त्यांच्या फ्लॅटवर जायचे. त्यांनी बरंचसं सामान देऊन टाकलं होतं. तंबू इंग्रज म्हाताऱ्यांना, नकाशे सीमाला. खोलीत पलंग, एक खुर्ची आणि खिडकी. एका मंगळवारी मी धीर करून म्हटलं, "ताई, मी तुम्हाला एकदा फार वाईट बोलले होते."

"मुलाचं?"

"हो."

"लागलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन दिवस. मग निघायची घाई झाली."

मला वाटलं, आता इतकं बोललोच आहोत तर विचारून टाकावं. "मला तुमचा जन्मभर हेवा वाटला. तुम्हाला कधी माझा वाटला का हो? घर, नवरा, सीमा?"

तुम्हाला वाटत असेल, त्या 'हो' म्हणाल्या असतील. मलाही तसंच वाटलं होतं. त्या उत्तरासाठीच मी विचारलं होतं. ताईंनी खरोखर विचार केला. डोळे मिटून, पुष्कळ वेळ. मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? नाही वाटला."

आणि आम्ही दोघीही हसायला लागलो. त्यांना हसताना खोकला आला, मी पाठ चोळली. एप्रन वाहून वाहून घट्ट झालेली ती पाठ आता हाताला अगदीच हलकी लागत होती.

मार्च महिन्यात त्या गेल्या. सीमा मँचेस्टरहून सकाळच्या गाडीने आली, सरळ क्रेमॅटोरियमला. पाऊस पडत होता. हॉलच्या दाराशी काळ्या सुटातला माणूस हातात कागद घेऊन उभा होता. त्याने अदबीने विचारलं, "कुटुंबापैकी कोण?"

नाशिकहून कुणी येऊ शकलं नव्हतं. आम्ही दहा-बारा जण एकमेकांकडे पाहू लागलो. सीमा पुढे झाली. "मी," म्हणाली. तिने तिची ओली छत्री आणि पर्स माझ्या हातात दिली आणि पहिल्या रांगेत जाऊन एकटी बसली.

मी दुसऱ्या रांगेत, तिच्या बरोबर मागे. तिचे खांदे हलत होते. ती आवाज न करता, अंग घुसळून रडत होती, लहानपणीही ती कधी अशी रडली नव्हती. मला ताईंसाठी रडू येत होतं, खरंच येत होतं. पण त्याच वेळी डोक्यात एक विचार आला आणि जाईना: मी गेले की ही माझ्यासाठी अशी रडेल का?

तशा जागी, तशा वेळी, मला त्या बाईचा हेवा वाटत होता.

शवपेटीसमोरचा पडदा सरकायला लागला. सीमा उठून उभी राहिली. मी बसूनच होते, तिची छत्री मांडीवर धरून, आणि तिचं पाणी माझ्या साडीत मुरत होतं.